फॉर्ममधली तारीख: ३१ फेब्रुवारीची ३ मार्च होऊ देऊ नका

वेब फॉर्ममध्ये कुणी ३१ फेब्रुवारी २०२३ अशी तारीख भरली आणि फॉर्मने ती नाकारली, तर कुणाचं काही बिघडत नाही. माणूस पुन्हा बघतो, दुरुस्त करतो, पुढे जातो. बिघडतं ते फॉर्मने काही न बोलता ती ३ मार्च २०२३ करून डेटाबेसमध्ये टाकली तर. ३ मार्च ही अगदी खरीखुरी तारीख असल्यामुळे पुढे ती कुणालाच खटकत नाही. वर्षभराने दाखल्यावरची तारीख आणि सिस्टिममधली तारीख जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो, आणि हेलपाटे मात्र अर्जदाराला पडतात. आज वापरात असलेल्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये अशी गुपचूप दुरुस्ती करणारं एखादं तरी फंक्शन आहेच. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच धोरणावर उभी आहे: तारीख चुकीची वाटली तर भरणाऱ्याला विचारा, स्वतः सुधारू नका.

उदाहरणासाठी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घेऊ. त्यात विद्यार्थ्याची जन्मतारीख भरायची आहे, आणि ठरावीक दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण असण्याची अट आहे. असा फॉर्म महाराष्ट्रात प्रत्येक डेव्हलपरच्या वाट्याला कधी ना कधी येतोच.

पायरी १: कोणती तारीख विचारतोय ते आधी ठरवा

जन्मतारीख, हॉल बुकिंगची तारीख आणि पावतीवरची तारीख, तिन्ही दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची तपासणी वेगवेगळी असते. जन्मतारीख माणसाला पाठ असते, ती भूतकाळातली असते आणि शंभर वर्षं मागेही जाऊ शकते. बुकिंगची तारीख पुढच्या काही महिन्यांतली असते आणि ती निवडताना वार बघावा लागतो. पावतीवरची तारीख कागदावरून उतरवायची असते. रकाना कसा द्यायचा, मर्यादा काय ठेवायच्या, चूक झाल्याचा संदेश काय लिहायचा, हे सगळं यावरून ठरतं.

यातल्या कुठल्याही तारखेला घड्याळाची वेळ नाही. जन्मतारीख म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असे तीन आकडे. ती रात्री बाराची वेळ नव्हे, ती भारतातली किंवा लंडनमधलीही नव्हे. हे डोक्यात पक्कं असलं की पुढे येणारे निम्मे बग जन्मालाच येत नाहीत.

पायरी २: रकाना निवडा

एचटीएमएलमध्ये इनपुटचा टाइप ‘डेट’ दिला की ब्राउझर स्वतःच कॅलेंडर दाखवतो. बुकिंगसारख्या जवळच्या तारखांना हे उत्तम. याचा मोठा फायदा म्हणजे पडद्यावर तारीख कशीही दिसली तरी सर्व्हरकडे ती नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जाते, म्हणजे २०२४-०६-१५ अशी. तिथे गोंधळाला जागा नाही.

गोंधळ पडद्यावर होतो. हा रकाना तारीख कोणत्या क्रमाने दाखवेल हे पानाची भाषा ठरवत नाही, बहुतेक वेळा ब्राउझरची किंवा संगणकाची भाषा ठरवते. आपल्याकडच्या असंख्य संगणकांवर अमेरिकन इंग्रजी हीच मूळ सेटिंग तशीच राहिलेली असते. तिथे रकाना आधी महिना मागतो, मग दिवस. ५ जून म्हणून सवयीने ०५/०६ टाइप केलं की नोंद ६ मेची होते, आणि ब्राउझरच्या दृष्टीने सगळं बरोबरच असतं. कोणतीही तपासणी ही चूक पकडू शकत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या आहेत. शिवाय १९५८ सालापर्यंत कॅलेंडर मागे सरकवत नेणं म्हणजे ज्येष्ठ माणसाचा अंत पाहणं.

म्हणून जन्मतारखेला माझं मत स्पष्ट आहे: तीन वेगळे रकाने द्या. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्येही पाठ असलेल्या तारखांसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकानेच सुचवले आहेत. मी त्यात एक बदल करतो. महिना आकड्यात न मागता जानेवारी, फेब्रुवारी अशा नावांच्या ड्रॉपडाउनमधून निवडायला देतो. महिन्याचं नाव डोळ्यांसमोर असलं की दिवस आणि महिन्याची अदलाबदल होतच नाही.

दिवस आणि वर्षाचे रकाने टाइप ‘नंबर’चे करू नका. त्यात ‘ई’ हे अक्षर चालतं, आणि काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं तरी आकडा बदलतो. टाइप ‘टेक्स्ट’ ठेवा आणि इनपुटमोड ‘न्युमेरिक’ द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. दोन आकडे झाले की कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात नेण्याचा मोह टाळा. ज्याला मागे येऊन दुरुस्ती करायची आहे त्याची त्यात फार ओढाताण होते.

टाइप ‘डेट’ वापरलाच तर किमान आणि कमाल तारीख द्या. कमाल मर्यादा नसेल तर क्रोममध्ये वर्षाच्या जागी सहा आकडे भरता येतात, आणि घाईत २०२४ऐवजी २०२४५ गेलं तरी तो गप्प बसतो. अर्धवट भरलेल्या तारखेची किंमत ब्राउझर रिकामी देतो, हेही लक्षात घ्या. ‘काहीच भरलं नाही’ आणि ‘भरलं पण अर्धवट’ यांतला फरक रकान्याच्या व्हॅलिडिटीमधल्या (ब्राउझरने ठेवलेल्या तपासणीच्या निकालातल्या) ‘बॅड इनपुट’ या खुणेवरून कळतो. दोघांना एकच संदेश दाखवला तर समोरचा म्हणणार, अहो, भरली आहे की तारीख!

पायरी ३: आलेला मजकूर साफ करा

मागचीपुढची रिकामी जागा काढून टाका. एका रकान्यात तारीख घेत असाल तर तिरकी रेघ, टिंब, आडवी रेघ आणि मधला स्पेस हे चारही विभाजक म्हणून चालवा. माणसं चारही वापरतात, आणि त्यात चूक काहीच नाही.

मग येतात देवनागरी अंक. मराठी कीबोर्डवर टाइप करणारा माणूस १५ हे देवनागरीत लिहिणारच, आणि मराठी फॉर्मने ते स्वीकारायलाच हवं. पण इथे भाषाभाषांत फरक आहे. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातली) ‘कोणताही अंक’ ही खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, आणि देवनागरी १५ आकड्यात बदलायला गेलात तर ‘आकडा नाही’ असं उत्तर येतं. पायथन ३ मात्र तीच खूण वापरून देवनागरी अंकही ओळखतो आणि त्यांचा पूर्णांकही बिनबोभाट करून देतो. म्हणजे तोच फॉर्म ब्राउझरमध्ये अडवतो आणि सर्व्हरवर चालतो, किंवा मजकूर जसाच्या तसा डेटाबेसपर्यंत पोचतो. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ सलग दहा जागांवर आहेत. तपासणीच्या अगदी आधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी त्याचा इंग्रजी अंक घाला, ब्राउझरमध्येही आणि सर्व्हरवरही. त्यानंतरचा सगळा कोड फक्त इंग्रजी अंकांवर चालू द्या.

पायरी ४: आकार तपासा

दिवस एक किंवा दोन अंकी, वर्ष बरोबर चार अंकी. एवढंच, पण हे आकड्यात रूपांतर करण्याआधी झालं पाहिजे. कारण रूपांतर करणारी फंक्शन्स फार उदार असतात. जावास्क्रिप्टमधलं ‘पार्स इंट’ हे ‘१२अबक’मधून निवांत १२ काढून देतं. पायथनचं ‘इंट’ अंकांच्या मधली अंडरस्कोअर चालवून घेतं. आणि जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, दिला तर तो शून्य परत करतो.

या शून्याचं पुढे काय होतं ते बघा. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. म्हणून आपण महिन्यातून एक वजा करतो. महिना रिकामा राहिला, त्याचा शून्य झाला, त्यातून एक गेला, उरला उणे एक. वर्ष २०२४, महिना उणे एक, दिवस १५ अशी तारीख बनवायला सांगितली की जावास्क्रिप्ट १५ डिसेंबर २०२३ हातात ठेवतो. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही.

दोन अंकी वर्ष अजिबात स्वीकारू नका. ‘६९’ लिहिलं तर पायथन त्याला १९६९ समजतो, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस २०६९. एकाच अर्जाच्या प्रवासात शंभर वर्षांचा फरक पडू शकतो. चार अंक मागणं हाच इलाज.

पायरी ५: ही तारीख कॅलेंडरमध्ये आहे का?

इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी होते, म्हणून जरा थांबून बघू.

रेग्युलर एक्स्प्रेशनने हे काम करू नका. महिन्यांचे दिवस आणि लीप वर्षं धरून लिहिलेली दोन ओळींची एक्स्प्रेशन इंटरनेटवर सापडते खरी, पण सहा महिन्यांनी ती कुणाला वाचता येत नाही आणि बदलायची तर कुणाची छाती होत नाही. नियम मुळात चार वाक्यांचा आहे. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांना ३० दिवस. फेब्रुवारीला २८, लीप वर्षी २९. बाकीच्यांना ३१. वर्षाला ४ने भाग गेला तर ते लीप, पण १००ने गेला तर नाही, आणि ४००ने गेला तर पुन्हा लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. एवढं लहानसं फंक्शन स्वतः लिहिलं तरी चालतं.

भाषेतलं तयार फंक्शन वापरायचं असेल तर त्याचा स्वभाव माहीत हवा.

जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला वर्ष, महिना, दिवस दिलेत की तो जास्तीचे दिवस पुढच्या महिन्यात ढकलतो. त्यामुळे तारीख बनवायची आणि लगेच तिलाच उलट विचारायचं: तुझं वर्ष काय, महिना काय, दिवस काय? तिन्ही उत्तरं आपण दिलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळली तरच तारीख खरी. ३१ फेब्रुवारी दिली आणि उत्तरात ३ मार्च आली की पकडली गेली. तारखेची स्ट्रिंग ‘डेट’ला थेट देणं मात्र पूर्ण बंद करा. ०३/०४/२०२४ ही आपली ३ एप्रिल त्याच्या लेखी ४ मार्च आहे. जावास्क्रिप्टच्या नवीन ‘टेम्पोरल’मध्ये वेळ नसलेल्या निव्वळ तारखेचा प्रकार आहे, तो या कामाला नेमका आहे. पण तुमच्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरांत तो आहे का ते आधी बघा, आणि ‘ओव्हरफ्लो’ला ‘रिजेक्ट’ सांगायला विसरू नका. नाहीतर तोही दिवस महिन्याच्या शेवटावर आणून बसवतो.

पीएचपीत ‘चेकडेट’ हे फंक्शन चोख आहे, फक्त त्याला आधी महिना, मग दिवस, मग वर्ष द्यायचं. तिथलं ‘स्ट्र-टू-टाइम’ मात्र विभाजकावरून देश ठरवतं: ०३/०४/२०२४ म्हणजे अमेरिकन पद्धतीने ४ मार्च, आणि ०३-०४-२०२४ म्हणजे ३ एप्रिल. एका रेघेचा कल बदलला की महिना बदलतो. ‘क्रिएट फ्रॉम फॉरमॅट’ही ३१ फेब्रुवारीला ३ मार्चवर नेतं आणि तक्रार फक्त इशाऱ्यांच्या यादीत टाकतं. ती यादी कुणी उघडून बघतच नाही.

जावात जुन्या ‘सिंपल डेट फॉरमॅट’चं ढिलं वागणं आपण बंद करावं लागतं. नव्या ‘लोकल डेट’मध्ये स्वतःचा फॉरमॅट दिला तर मूळ सेटिंग ‘स्मार्ट’ असते, आणि ती ३१ फेब्रुवारीला २८ किंवा २९ करून टाकते. ‘स्ट्रिक्ट’ सांगा. त्या वेळी फॉरमॅटमध्ये वर्षासाठी ‘वाय’ऐवजी ‘यू’ हे अक्षर लागतं, यावर भल्याभल्यांची संध्याकाळ जाते. पायथन इथे सरळ माणूस आहे. तीन आकडे द्या, तारीख नसेल तर तो एरर देतो.

पायरी ६: ही तारीख या कामाला चालते का?

तारीख अस्तित्वात आहे, आता ती बसते का ते बघायचं. जन्मतारीख भविष्यातली नको आणि फार जुनीही नको. खालची मर्यादा उदार ठेवा. शंभरी ओलांडलेली माणसं आहेत, आणि त्यांना फॉर्मने ‘चुकीची तारीख’ म्हणणं बरं दिसत नाही.

‘भविष्यातली नको’ यात ‘आज’ कोणता हा प्रश्न दडलेला आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख चालू असते. रुग्णालयात रात्री एक वाजता बाळ जन्मलं आणि दोन वाजता नोंद करायला घेतली, तर फॉर्म म्हणणार, जन्मतारीख भविष्यातली आहे. दिवसा केलेल्या टेस्टिंगमध्ये हे कधीच सापडत नाही. ‘आज’ काढताना आशिया/कोलकाता हा टाइमझोन स्पष्टपणे सांगा.

वयाच्या अटीसाठी दिवसांना ३६५ने किंवा ३६५.२५ने भागू नका, वाढदिवसाच्या आसपास उत्तर चुकतं. वय काढायचंच असेल तर वर्षांची वजाबाकी करा, आणि यंदाचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे अट उलटी फिरवणं. १ जुलै २०२६ रोजी १८ वर्षे पूर्ण हवीत, तर जन्मतारीख १ जुलै २००८ किंवा त्याआधीची हवी. एकच तुलना. आणि १ जुलैलाच जन्मलेल्याचं काय? भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ नुसार अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो, म्हणजे तो पात्र. तुमच्या योजनेचा नियम वेगळा असू शकतो, तो लेखी मागून घ्या. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा वाढदिवस लीप नसलेल्या वर्षी २८ला धरायचा की १ मार्चला, हेही त्याच पत्रात विचारा.

मर्यादेची तारीख कोडमध्ये खोल गाडून ठेवू नका. मतदार नोंदणीची अर्हता तारीख वर्षानुवर्षं १ जानेवारी ही एकच होती. २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार झाल्या. नियम असे बदलतात, तेव्हा सेटिंगमधली एक ओळ बदलून भागलं पाहिजे.

आता खास आपल्याकडची गोष्ट. महाराष्ट्रात एका पिढीतल्या हजारो लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकून देत. ‘एकाच तारखेचे फार अर्ज आले’ म्हणून ते संशयास्पद ठरवणारी तपासणी कुणी लिहिली, तर ती याच लोकांवर जाऊन आदळेल. काही जुन्या आधार कार्डांवर तर फक्त जन्मवर्ष छापलेलं असतं. नियमात बसत असेल तर ‘फक्त वर्ष माहीत आहे’ असा पर्याय द्या आणि तो वेगळा साठवा. त्याच्या जागी १ जानेवारी भरून टाकलीत, तर खरोखर १ जानेवारीला जन्मलेला माणूस नंतर वेगळा ओळखता येणार नाही.

पायरी ७: सर्व्हरवर पुन्हा तपासा आणि तारीख तारीखच ठेवून साठवा

ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. कोडमधून ‘सबमिट’ हे फंक्शन थेट बोलावलं तरी ब्राउझरची स्वतःची तपासणी वगळली जाते. त्यामुळे पायरी ३ ते ६ सर्व्हरवर जशाच्या तशा हव्यात.

इथला सगळ्यात परिचित बग असा. कॅलेंडर दाखवणारी लायब्ररी १५ जून २००६ ही तारीख ‘भारतीय वेळेनुसार मध्यरात्र’ म्हणून देते. ती सर्व्हरकडे पाठवताना जावास्क्रिप्ट तिचं यूटीसीत रूपांतर करतो. साडेपाच तास मागे गेलं की होते १४ जून, संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हर त्यातली पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि नोंद १४ जूनची होते. ‘तारीख एक दिवस मागे जाते’ ही तक्रार आली की आधी इथेच बघा. त्यावर एक दिवस मिळवून देणारा जुगाड करू नका. न्यू जर्सीत बसून अर्ज भरणाऱ्या मराठी मुलीची तारीख त्याने एक दिवस पुढे जाईल, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच दिवशीच्या पहाटे येते. तीन आकडे घ्या, वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग जोडा, तीच पाठवा. मध्ये ‘डेट’ येऊच देऊ नका.

डेटाबेसमध्ये कॉलम ‘डेट’ प्रकाराचा ठेवा, टाइमस्टॅम्पचा (तारखेसोबत वेळही ठेवणारा) नको, मजकुराचा तर नकोच. मायएसक्यूएल वापरत असाल तर स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग, चालू आहे ना ते बघा. ५.७पासून तो मुळात चालूच असतो, पण जुना प्रोजेक्ट चालावा म्हणून कुणीतरी बंद केलेला असतो. मग न जमणाऱ्या तारखेच्या जागी सगळी शून्यं जाऊन बसतात.

पायरी ८: संदेश नीट लिहा

‘अवैध तारीख’ या दोन शब्दांतून भरणाऱ्याला काहीच कळत नाही. तपासणीच्या प्रत्येक पायरीला स्वतःचा संदेश द्या. ‘जन्माचा महिना निवडायचा राहिला आहे.’ ‘वर्ष चार अंकी लिहा, उदाहरणार्थ २००६.’ ‘फेब्रुवारी २०२३ मध्ये २८च दिवस होते. दिवस आणि महिना पुन्हा पाहा.’ ‘या योजनेसाठी जन्मतारीख १ जुलै २००८ किंवा त्याआधीची हवी.’ शेवटच्या संदेशात तारीख चुकीची आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, कारण ती चुकीची नाहीच.

माणूस अजून दिवस लिहितोय तोवर लाल अक्षरं दाखवू नका. तिन्ही रकाने सोडून तो पुढे गेला की तपासा. चूक निघाली तरी भरलेलं पुसू नका. तीन रकाने एका ‘फील्डसेट’मध्ये ठेवून त्याला ‘जन्मतारीख’ असं शीर्षक द्या आणि संदेश ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तो ऐकू येईल. आणि पुढे जाण्याआधी तारीख ‘१५ जून २००६, गुरुवार’ अशी शब्दांत दाखवा. दिवस-महिन्याची जी अदलाबदल कोडला पकडता येत नाही, ती माणसाच्या नजरेला लगेच दिसते.

पायरी ९: या तारखा टाकून बघा

२९ फेब्रुवारी २०२४ आणि २९ फेब्रुवारी २००० स्वीकारल्या गेल्या पाहिजेत. २९ फेब्रुवारी २०२३, ३१ एप्रिल आणि २९ फेब्रुवारी १९०० नाकारल्या गेल्या पाहिजेत. यातली शेवटची एक्सेल स्वीकारतो, कारण लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळवून घेताना त्याने तिथली चूक तशीच ठेवली. एक्सेलमधून आलेला डेटा आत घेत असाल तर ही तारीख मुद्दाम टाका. महिना रिकामा ठेवून बघा, दिवस शून्य टाकून बघा, वर्ष ०६ टाकून बघा, सगळे अंक देवनागरीत टाकून बघा, अर्धे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी टाकून बघा. मर्यादेची तारीख, तिचा आदला दिवस आणि नंतरचा दिवस, तिन्ही टाका.

मग संगणकाचा टाइमझोन न्यूयॉर्क करा आणि सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा. नंतर टाइमझोन भारताचा करून घड्याळ रात्री दोनवर लावा. सर्व्हरच्या टेस्टमध्येही ‘आत्ता’ची वेळ बाहेरून देता आली पाहिजे, म्हणजे हीच रात्रीची वेळ तिथेही लावता येईल. आणि प्रत्येक वेळी फॉर्मने पडद्यावर काय दाखवलं त्यावर थांबू नका, डेटाबेस उघडून आत नेमकी कोणती तारीख बसली आहे ती वाचा.